दिवा राहिला तर

दि. १९ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. मी बरा आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो, पण ती आता त्याची सवयच झाली आहे. तू आणि घरची मंडळी बरी असाल.

फोन करा म्हणून लिहिलं आहेस. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. तू बोलत राहतोस आणि मी हं हं करतो. तुझी ताई म्हणायची, यांच्या कानाला फोन लावण्यापेक्षा म्हशीच्या लावा, ती निदान कान तरी हलवेल. शाळेच्या कचेरीत माझा जन्म पत्रं लिहिण्यात गेला, तेव्हा हेच बरं.

तू विचारलं आहेस, शेवटी जवळ कोण कोण होतं आणि ती काही म्हणाली का. माणसं होती. फार त्रास झाला नाही. निरोप तुझ्या साइटवर पोचेपर्यंत इथलं सगळं आटोपलं होतं. तू आला नाहीस याचा इथे कोणी तुला बोल लावत नाही.

मागच्या पन्हाळीचा पत्रा सुटला होता, तो शिंप्याने तार घालून बांधून दिला. शिंपी हल्ली रोज येतो. चहा घेतो, साखर कमी पडली म्हणतो आणि जातो. तुझी विजेची लाइन आल्यापासून त्याची दोन शिलाई मशिनं मोटरवर चालतात. पूर्वी ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या मशीनच्या विजेवर त्याने चोरून इस्त्री लावली की सगळ्या गावाचे दिवे पिवळे पडायचे आणि तुझी ताई मशिनघराच्या उतारावरून ओरडायची, "शिंप्या, काढ ती! कोणाच्या वरातीला निघालायस?" परवा तोच म्हणाला, "आता तीन इस्त्र्या लावल्या तरी कोणी ओरडत नाही." मग चहाही तसाच ठेवून गेला.

तिचे कपडे मी अजून आवरलेले नाहीत. आवरेन.

लिहिण्याचं खरं कारण मशीन आहे. तुमची लाइन आल्यावर गेली तीन वर्षं ओढ्यावरचं ते मशीन काय करत होतं, हे तुला कोणी सांगितलं असेल की नाही कोण जाणे. ती ते रोज चालवत होती. बंद पडून राहिलं की बेअरिंग गंजून धरतं, असं म्हणायची. गावाच्या तारा तर तुम्ही उतरवून नेल्या होत्या. मशीनला भार लागतो, भार नसला की चाक पिसाटतं. म्हणून उरलेली वीज पिंपातल्या पाण्यात जिरवणारा डबा तूच बसवला होतास. आता सगळीच वीज उरलेली. सगळा ओढा त्या एका पिंपात जिरायचा. पाणी कढत व्हायचं. मग बायका बादल्या घेऊन यायला लागल्या. कोणाचं तान्हं मूल, कोणाची दुखरी पाठ. सकाळी मशिनघरासमोर रांग लागायची.

शिंपी एकदा म्हणाला, "ताई, गावाला उजेड देणारं यंत्र, त्याचा तुम्ही बंब करून टाकलात की!"

"बंब तर बंब," ती म्हणाली. "तुझी ती लाइन तुला आंघोळ घालते का विचार."

सगळे हसले, तीही हसली. घरी आल्यावर मात्र तिने बराच वेळ हात धुतले.

आता मशिनघराची जागा कमिटीला सिमेंटची पोती ठेवायला हवी आहे. सचिव भला माणूस आहे, पण त्याला रिकामी जागा बघवत नाही. भंगारवाला येऊन मशीन वाजवून, हलवून बघून गेला. महिनाअखेर ठरवा म्हणतात.

दुसरीकडे वरच्या वस्तीची सुईण तीनदा येऊन गेली. तुमचे खांब खिंडीपाशी थांबले. वरची घरं थोडी, म्हणून त्यांना दुसऱ्या टप्प्यात घेऊ असं तूच सांगितलं होतंस. तो टप्पा अजून आलेला नाही. सुईण म्हणते, "मी पोरं हातांनी ओळखून बाहेर काढते हो. तोंड बघायला मिळतं सकाळी." त्यांच्याकडे ओढ्याला चांगली धार आहे. तुझी ताई पाऊस संपल्यावर काठी टेकत वर जाऊन बघून आली होती. पाइप कुठून आणायचा तिथे खडकावर चुन्याची खूण करून आली. मशीन तुम्हाला देते, असा शब्द देऊन आली. आणि मग हे झालं.

मशीन उचलून वर न्यायला माणसं तयार आहेत. पण तो डबा उलगडून पुन्हा जोडणं इथे कोणाच्या आवाक्यातलं नाही. तो तुझ्या हातचा आहे. तेव्हा तू ये. चार दिवसांची रजा मिळाली तरी होईल.

लाइनच्या उद्घाटनाच्या दिवसाचं मनात असेल तर ते आता इथे कोणी काढत नाही. तूही काढू नकोस.

पलंग उन्हात टाकून ठेवतो. माणसं होती हे वर लिहिलंच आहे.

तुझा
भावोजी


दि. ६ डिसेंबर

प्रिय बारक्या,

तुझ्या पत्राला मायना नव्हता. तरी मी माझ्या बाजूने लिहितो. आशीर्वाद.

शिंपी कापड आणायला शहरात आला तेव्हा तुला भेटला, आणि आम्हाला सकाळी कळलं असं म्हणाला. खरं आहे. "मला खोटं का कळवलंत?" असं तू विचारलं आहेस. मशिनाबद्दल लिहिलं आहेस, "भंगारात जाऊ दे. तीन वर्षं जिने माझ्याशी तोंड उघडलं नाही, तिच्या लोखंडासाठी आता धावत येऊ?"

रागावणं तुझा हक्क आहे. तिनेच तुला कडेवर घेऊन वाढवलं, तेव्हा रुसायलाही तुला तीच एक होती. मी तुम्हा दोघांच्या मध्ये कधी पडलो नाही. ते बरोबर होतं की नाही हे आता विचारून काय उपयोग?

त्या दिवसाचं काढू नकोस असं मागच्या पत्रात मीच लिहिलं होतं. आता मीच काढतो. मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या, तुझे साहेब आले होते. दोन्हीकडची वीज एका तारेवर आली तर माणूस मरतो, म्हणून आधी तिचं मशीन बंद करायला हवं, हे तिला तुझ्याइतकंच कळत होतं. ती तयार होती. एवढंच म्हणाली, "एकदा दिवे मिचकावते आणि मग बंद करते. लोकांना कळू दे." रोज रात्री मशीन बंद करून पाणी बंधाऱ्यात साठू देण्याआधी ती तसंच करायची. व्हॉल्व्ह क्षणभर आवळून पुन्हा सोडायची, दिवे मिचकायचे, आणि लोक समजायचे की आता अंथरुणं घाला, दिवे जाणार. बायका म्हणायच्या, ताईने डोळा मारला.

तर तू म्हणालास, "ताई, डोळे मारायचं वय गेलं आता. कर बंद."

साहेब हसले. ते हसले म्हणून खुर्च्यांवरचे सगळे हसले. मीही हसलो असेन. तिने व्हॉल्व्ह फिरवला आणि ती बाहेर आली. मग जेवताना तिने तुझ्या ताटात वाढता वाढता विचारलं, "चुलीवरचं आहे साहेब, तुमच्या विजेवरचं नाही. चालेल का?" तू ताटावरून उठलास.

तू एक वाक्य बोललास, तिने एक परत केलं. एवढ्यावर तीन वर्षं गेली. तुम्ही दोघं एकाच मातीचे.

पण ती लाइनवर रुसली होती असं तुला वाटत असेल तर ते खरं नाही. घरात दोन दिवे आणि पंखा तिनेच लावून घेतला. दवाखान्यात लशींचं फ्रिज आलं तेव्हा ती बघायला गेली आणि नर्सबाई नको नको म्हणत असताना दार उघडून आत हात घालून आली. उन्हाळ्यात एकदा पंख्याखाली पडली होती. म्हणाली, "एकदाही मिचकत नाही हो." मग थोड्या वेळाने, "खांब सरळ लावलेत त्याने. खिंडीपाशीसुद्धा." मी म्हटलं, कळवू का त्याला? तर म्हणाली, "काही नको. येईल तेव्हा मीच सांगेन." हे मी तुला सांगतो आहे कारण ती आता सांगणार नाही.

आता तू विचारलेलं.

तू नोकरीला लागून इथून गेलास त्यानंतर गावात एक पद्धत पडली. पहिल्यांदा झालं ते शिंप्याच्या आईच्या वेळी. म्हातारी अगदी शेवटाला आली होती. शिंपी दिवे जायच्या सुमारास पळत येऊन म्हणाला, "ताई, आजची रात्र राहू देता का?" तिने मशीन बंद केलं नाही. एकाच ठिकाणाहून सगळ्यांना वीज, तेव्हा एकाचा दिवा राहिला की सगळ्यांचा राहायचा. लोक वाट बघत बसले. दिवे मिचकेनात, जाईनात. मग एकेक जण बाहेर येऊन विचारायला लागला, कोणाचं काय झालं? विचारत विचारत सगळे शिंप्याच्या दारात पोचले.

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. कोणाच्या घरी बाळंतीण अडली, कोणी अंथरुणाला खिळलं, कोणी गेलं, की ताईला निरोप द्यायचा आणि ती दिवे ठेवायची. दिवे राहिले की माणसं दार उघडून बाहेर पडायची. पाणी संपल्यामुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे लवकर जायचे, पण त्याबद्दल कुरकुर मी कधी ऐकली नाही. आमच्या घरी तर त्या रात्री झोप नसायची. ती मशिनघरात, आणि मी घरी चहाचं मोठं पातेलं चढवून तिकडे पाठवायचो. वर्षानुवर्षं हे केलं, बारक्या. ते अंगात भिनतं.

त्या दिवशी जेवणं झाली. ती म्हणाली, छातीत जड वाटतंय. पलंगावर बसली. मी पाणी दिलं. दवाखाना संध्याकाळीच बंद होतो हे तुला माहीत आहे, आणि नर्सबाई खाली मोठ्या रस्त्यापाशी राहते. घाम यायला लागला तेव्हा ती म्हणाली, "दिवा राहू द्या. येतील."

आणि मला ते बरोबर वाटलं.

मला हे कोणालाही समजावता येत नाही. शिंप्यालाही मी सांगितलेलं नाही. मी उठलो, पुढचं दार उघडून त्याला दगड लावला. दोन खुर्च्या बाहेर ओट्यावर ठेवल्या. मोठं पातेलं काढलं, त्यात पाणी घातलं आणि चढवलं. माणसं येणार, त्यांच्यातलं कोणीतरी नर्सबाईकडे धावेल, शिंपी गाडीचं बघेल. नेहमी तसंच व्हायचं. मी तिचा हात धरून बसलो आणि दाराकडे बघत राहिलो. फोन फडताळावर होता. त्याच्याकडे माझी नजरसुद्धा गेली नाही. आम्ही दोघं वाट बघत होतो. तीही बघत होती. वाट बघणारा मी एकटा नव्हतो, एवढाच मला आधार आहे, आणि तोच आठवला की बसवत नाही.

पाणी उकळून उकळून आटलं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. उघड्या दारातून समोरचा उतार दिसतो. प्रत्येक घरात दिवा होता. शिंप्याकडे टीव्ही चालू होता, त्याचा निळा उजेड भिंतीवर हलत होता. ती बघत राहिली. मग म्हणाली,

"अहो, सगळ्यांचेच राहिलेत."

तेव्हा मला कळलं. मी ताडकन उठलो. तिने माझी बाही धरली. "आता नका जाऊ," म्हणाली. मी बसलो. त्यानंतर फार वेळ लागला नाही.

मग मी कुठे गेलो नाही. दार उघडंच होतं. सकाळी शिंप्याची बायको बादली घेऊन आली आणि ओट्यावरूनच म्हणाली, "आज मशीन सुरू नाही का? पोराला आंघोळ घालायची होती." असं गावाला कळलं. शिंपी अजून रोज येऊन बसतो तो त्यामुळेच. समोर राहतो ना. साखर कमी पडली म्हणतो, पण त्याला दुसरंच काही म्हणायचं असतं.

माणसं होती असं मी तुला लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर तू एकच अर्थ काढला असतास. म्हणून स्पष्ट लिहितो. यात तुझ्या विजेचा काही दोष नाही. ती सगळ्यांना सारखी मिळते आणि अखंड मिळते, हेच तर तुला करायचं होतं. आम्हाला तेच हवं होतं. तुझ्या ताईलाही हवं होतं. फक्त दिवा राहण्याचा अर्थ गेला, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. तुमच्या नकाशात तो नव्हता आणि आम्ही कधी तुम्हाला सांगितला नव्हता. जिने ती पद्धत पाडली, तिलाच आठवलं नाही, तर तुला कुठून कळणार?

ती काही म्हणाली का, हे तू दोन्ही पत्रांत विचारलं आहेस. तुझं नाव तिने घेतलं नाही. घेतलं असं लिहून टाकावं असं एकदा मनात आलं, पण एक खोटं पुरे झालं. ती म्हणाली ते एवढंच, सगळ्यांचेच राहिलेत.

ते तिने कसं म्हटलं हे मला ठरवता येत नाही. कधी वाटतं, तो चटका होता. कधी वाटतं, कौतुक होतं. उन्हाळ्यात खांब सरळ लावलेत म्हणाली होती, तसलंच. थोडीशी हसलीही, निदान मला तसं वाटलं. इतकी वर्षं तिच्याबरोबर राहून मला तिचा सूर ओळखता येत नाही, ही माझी गत. तुला तो लहानपणापासून ठाऊक आहे. तू ये. मी ते वाक्य तिच्यासारखं म्हणून दाखवतो, आणि तू मला सांग.

मशिनासाठी यायचं नसेल तर याच्यासाठी ये. सचिवाला मी अजून थांबवून धरलं आहे. मी मशिनघरासमोर खुर्ची टाकून बसतो आणि काही बोलत नाही. त्याला ते भांडणापेक्षा जड जातं.

वाट बघतो. या वेळी पत्र लिहून बघतो आहे.

भावोजी


दि. २ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. तू सुखरूप पोचल्याचं कळलं. तू विसरलेला पाना वरच्या वस्तीवर सापडला. तो तिथेच राहू दे, त्यांना लागेल. तुझा मफलर मात्र माझ्याकडे आहे.

तू गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. तू होतास तेव्हा आपण तसं किती बोललो? तू दिवसभर वर, मी खाली. संध्याकाळी तू हातापायांचं ग्रीस काढत बसायचास आणि मी गुडघ्याला तेल लावत. तरी बरं वाटायचं.

त्या सकाळी ओट्यावर मी तुला ते वाक्य म्हणून दाखवलं. एकदा जमलं नाही म्हणून पुन्हा म्हटलं. तू खाली बघत राहिलास, मग पिशवी उचललीस आणि वर चालू लागलास. त्यावर तू काही बोलला नाहीस आणि मीही विचारलं नाही. आता विचारायचंही नाही. मला वाटतं तुलाही ठरवता आलेलं नाही. तसं असेल तर तसंच राहू दे. आपण दोघं ते वाटून घेऊ.

पण तू तिच्या चुन्याच्या खुणेवरच पाइप बसवलास, हे सुईणीने मला सांगितलं. तू म्हणे म्हणालास की दोन हात खाली घेतला तर काम सोपं होईल. मग थोडा वेळ उभा राहिलास आणि म्हणालास, नको, ताईने म्हटलंय तिथेच. नंतर धार मोजलीस तेव्हा तिचंच बरोबर निघालं, हेही सांगितलं. मनात म्हटलं, हे ऐकायला ती हवी होती. तिने तुला वर्षभर तरी सोडलं नसतं.

आता वरची हकिगत. मशीन सुईणीची सून चालवते. पोरगी चलाख आहे, पण जिभेला हाड नाही. पहिल्याच आठवड्यात कोणी तरी शेगडी लावली तर खिंडीखाली आमच्यापर्यंत ऐकू येईल एवढ्या मोठ्याने तिने त्याचा उद्धार केला. शिंपी इथे दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "ताईची गादी चालली म्हणायची," आणि आत जाऊन त्याने डोळे पुसले असतील. मी बघितलं नाही.

आमच्या ओट्यावरून वरची शेवटची दोन घरं दिसतात. तू गेल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी मी बाहेर बसलो होतो. वरचे दोन दिवे बारीक झाले आणि पुन्हा मोठे झाले. मला वाटलं, माझ्याच डोळ्यांत काही गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग सुनेला विचारलं. ती म्हणाली, "साहेबांनी शिकवलं. म्हणाले, बंद करायच्या आधी व्हॉल्व्ह क्षणभर आवळायचा. हे चुकवायचं नाही, बाकी काही चुकलं तरी चालेल."

 त्या दिवसापासून वरचे दिवे मिचकले की मी घरातला दिवा बंद करतो. इथे तशी गरज नाही. पण मला तेवढं बरं पडतं.

दिवे ठेवायची पद्धतही तू तिथे सांगून आलास, हे मला परवाच कळलं. कसं कळलं ते लिहायलाच हे पत्र घेतलं आहे.

गेल्या बुधवारी वरचे दिवे मिचकले नाहीत. मी बसून राहिलो. वाटलं, उशीर झाला असेल. दिवे गेलेही नाहीत. मग मी उठलो आणि शिंप्याच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. तो टीव्हीवरून उठून आला. मी म्हटलं, "वरचे दिवे राहिलेत." त्याने लगेच चपला घातल्या, टॉर्च घेतला, बायकोला हाक मारली. नर्सबाईला मी फोन केला. हो, मी. फोनवर नीट बोललो. शिंपी चढणीवर म्हणत होता, "भाऊसाहेब, तुम्ही थांबा, गुडघा आहे." मी म्हटलं, "गुडघा गेला खड्ड्यात."

आम्ही धापा टाकत वर पोचलो, तर मशिनघरापुढे सगळी वस्ती उभी. कोणी घोंगडी घेतलेली, कोणी पाण्याची कळशी, सुईण तर तिचं सामान घेऊन सज्ज. जो तो दुसऱ्याला विचारतोय, कोणाचं काय झालं? आणि आत ती सून व्हॉल्व्हपाशी भिंतीला टेकून घोरत होती. दिवसभर लाकडं वाहिली होती बिचारीने. मिचकावायचं राहिलं आणि बंद करायचंही राहिलं.

सुईणीने तिला हलवून जागं केलं. एवढी माणसं समोर बघून ती घाबरली. म्हणाली, "कोण गेलं?"

मग जे हसू फुटलं ते थांबेना. सुईण म्हणाली, "तूच जाशील आता माझ्या हातून!" शिंपी खाली बसून हसत होता. नर्सबाई मागून पोचली, तिला कोणी सांगेना काय झालं ते, सगळे नुसते हसतायत. कोणी तरी चहा ठेवला. मोठ्या पातेल्यात. मीही हसत होतो. आणि मग ते पातेलं बघून मला एकाएकी हसता येईना. शिंप्याच्या ते लक्षात आलं. तो माझ्याजवळ सरकून बसला, त्याने माझ्या हातात कप दिला आणि या वेळी साखरेबद्दल काही बोलला नाही.

मी सुनेला जाताना एवढंच सांगितलं की चुकून दिवा राहिला तर लाजू नकोस. आणि सगळ्यांना म्हटलं, आज ना उद्या साहेबांची लाइन इथेही येईल. ती घ्या, चांगली असते. पण त्या दिवसापासून दिव्याच्या भरवशावर बसू नका. एकमेकांच्या दारावर जात जा. मी एवढं कधी चारचौघांत बोललो नव्हतो. तुझ्या ताईला ते खरं वाटलं नसतं.

शिंप्याचं आणि माझं आता ठरलं आहे. तो झोपण्याआधी एकदा हाक मारतो, मी ओ देतो. रोज.

बारक्या, वर कोणाला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. एक पोरगी दमून झोपली होती, एवढंच. पण माणसं आली होती रे. सगळी आली होती.

मफलर न्यायला ये.

तुम्हा दोघांचा
भावोजी